नोकरी सोडून लिहायचंय? राजीनाम्याच्या आधीची आणि नंतरची तयारी

नोकरी सोडल्यानंतरचा पहिला सोमवार मला लख्ख आठवतो. गजर लावला नव्हता, तरी नेहमीच्या वेळेला जाग आली. लिहायचं टेबल आदल्या रात्रीच आवरून ठेवलं होतं. नवी वही होती, दोन पेनं होती, आणि वर्षानुवर्षं डोक्यात घोळणारी कादंबरी होती. दुपारी दोनपर्यंत मी कपाटातल्या सगळ्या कपड्यांच्या घड्या घातल्या. मग पुस्तकांवरची धूळ झटकली. पुढचे अकरा आठवडे थोड्याफार फरकाने असेच गेले. ऑफिसात असताना मीटिंगच्या कागदामागे चोरून चार ओळी लिहिणारी मी, आख्खा दिवस हातात आल्यावर एक धड परिच्छेद लिहू शकत नव्हते.

निर्णय चुकला नव्हता. क्रम चुकला होता. नोकरी माझा वेळ खात होती हे खरंच, पण दिवसाला उभं धरणारा खांबही तीच होती, हे तो खांब काढल्यावर कळलं. दुसरा खांब आधी रोवायला हवा होता. पुढे लिहिलंय ते मी ज्या क्रमाने करायला हवं होतं त्या क्रमाने. यातलं बरंचसं राजीनाम्याच्या आधीचं आहे.

पहिली पायरी: दमणूक आणि लेखन वेगळं करा

‘मला लिहायला वेळ हवाय’ असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मुळात झोप हवी असते. यात कमीपणा काही नाही, पण दोन्हींवरचे इलाज वेगळे आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटलं आणि तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपून गेल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटत राहणं. या तिन्ही खुणा तुम्हाला लागू पडत असतील, तर आत्ता तुमच्या मनात ‘नोकरी’ आणि ‘लेखन’ असा सामना चाललेला नाही. बुडणारा माणूस किनारा शोधतोय, आणि लेखन हा फक्त सगळ्यात सुंदर दिसणारा किनारा आहे.

ओळखायचं कसं? सलग दोन आठवडे रजा घ्या. प्रवास ठरवू नका, घरीच राहा. पहिले चार-पाच दिवस झोपण्यात जातील, ते जाऊ द्या. नंतर काय होतं ते बघा. हात आपोआप वहीकडे गेला तर चांगलं. वही लांबच राहिली पण माणूस म्हणून बरं वाटलं, तर प्रश्न विश्रांतीचा किंवा या विशिष्ट नोकरीचा आहे; नोकरी बदलूनही तो सुटू शकतो. आणि दोन आठवड्यांनंतरही सगळं राखाडीच दिसत असेल, झोप-भूक बिघडलेली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर राजीनाम्याआधी डॉक्टरांकडे जा. नैराश्यात असताना घेतलेल्या मोठ्या निर्णयांचं ओझं नैराश्य सरल्यावरही आपल्यालाच वाहावं लागतं.

दुसरी पायरी: आठ आठवड्यांची परीक्षा

नोकरी चालू ठेवूनच, आठवड्यातले पाच दिवस, रोज पाऊण तास लिहा. असं आठ आठवडे. एकूण चाळीस बैठका. किती झाल्या ते कॅलेंडरवर नोंदवा, आणि जी बुडाली तिच्यापुढे कारण लिहा. कारण मात्र प्रामाणिकपणे लिहायचं.

ही नोंदच पुढच्या निर्णयाचा कागद आहे. बुडालेल्या बैठकांपुढे ‘उशिरापर्यंत काम’, ‘शिफ्ट बदलली’, ‘सुट्टीच्या दिवशी फोन आला’ असं लिहिलेलं असेल, तर नोकरी सोडल्याने खरंच जागा होईल. ‘मोबाइल बघत बसले’, ‘मूड नव्हता’, ‘काय लिहायचं सुचलं नाही’ हेच पुन्हापुन्हा येत असेल, तर ही कारणं राजीनामापत्रावर सही केल्याने जात नाहीत. ती तुमच्याबरोबर घरी येतात आणि सोफ्यावर पाय पसरून बसतात. चाळिसातल्या तिसेक बैठका झाल्या तर पुढे जायला हरकत नाही. तीस हा आकडा माझा, त्याला शास्त्राचा आधार नाही.

‘पाऊण तासात काय होणार?’ असं वाटत असेल, तर इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप याचं वेळापत्रक बघा. तो टपाल खात्यात नोकरी करायचा. १८३४ मध्ये लागला आणि १८६७ मध्ये राजीनामा दिला. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द हा दंडक पाळायचा. त्याला उठवायला एक नोकर होता आणि त्या कामाचे त्याला वेगळे पैसे मिळायचे, हेही सांगायला हवं. आपल्याला गजर स्वतःच बंद करावा लागतो. मला त्याचा वेग नको आहे आणि तुम्हीही तो घेऊ नका. घेण्यासारखं एवढंच की नोकरी सुटली तेव्हा लिहायची सवय तीसेक वर्षं जुनी नसली तरी पक्की मुरलेली होती आणि नावावर कितीतरी कादंबऱ्या होत्या.

अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन यांचंही तसंच. त्या प्रकाशनसंस्थेत संपादक होत्या, दोन मुलांना एकट्याने वाढवत होत्या, आणि १९८३ मध्ये संपादकाची नोकरी सोडली तेव्हा त्यांच्या चार कादंबऱ्या प्रसिद्ध झालेल्या होत्या.

बारा-बारा तासांच्या पाळ्या असतील किंवा घरात तान्हं बाळ असेल, तर पाऊण तासाची अट सोडून द्या. पंधरा मिनिटं घ्या. परीक्षा सातत्याची आहे.

तिसरी पायरी: पैसे, आणि त्यांच्या शेजारी महिने

इथे जरा बसू या, कारण बहुतेकांची गाडी इथेच घसरते. काही जण भीतीपोटी आकडे मांडतच नाहीत, काही जण ‘होईल काहीतरी’ म्हणून मांडत नाहीत. दोघांची फसगत सारखीच.

गेल्या बारा महिन्यांचं बँक खातं उघडा आणि सगळा खर्च जोडून बाराने भागा. बाराच महिने घ्या, कारण विम्याचा हप्ता, शाळेची फी, दुरुस्त्या, लग्नकार्य, वर्षातून एकदाच येणाऱ्या या गोष्टी तीन महिन्यांच्या सरासरीत दिसत नाहीत. आता त्यात नोकरी गुपचूप भरत असलेला खर्च मिळवा: आरोग्यविमा, निवृत्तीच्या निधीतला मालकाचा वाटा, फोन-इंटरनेटचं बिल, लॅपटॉप, त्यातलं सॉफ्टवेअर. लॅपटॉप तर माझ्या लक्षातच नव्हता. शेवटच्या दिवशी तो परत करून घरी आले, आणि लेखिका व्हायला निघालेल्या माझ्याकडे लिहायला यंत्रच नव्हतं.

आता गणित. चलन कुठलंही असो, तुमचा महिन्याचा खर्च १०० धरा. बचत १,५०० आहे असं समजा. त्यातले सहा महिन्यांचे ६०० आजारपण, अपघात, छत गळणं यांसाठी बाजूला काढा आणि ते नाहीतच असं समजा. उरले ९००.

काहीच मिळकत नसेल तर ९०० भागिले १००, म्हणजे ९ महिने.

अर्धवेळ कामातून महिन्याला ४० मिळत असतील तर तूट फक्त ६० ची. ९०० भागिले ६०, म्हणजे १५ महिने.

त्यावर खर्चातही १० ची काटछाट केली तर तूट ५० वर येते आणि मुदत १८ महिन्यांवर जाते.

ही काटछाट मिळकत नसताना केली असती तर ९ चे फक्त १० महिने झाले असते. तीच काटछाट थोडी मिळकत असताना तीन महिने देते. म्हणून ‘सगळं सोडून पूर्णवेळ लेखन’ आणि ‘थोडं काम, बाकी लेखन’ यांतला फरक दिसतो त्याहून पुष्कळ मोठा आहे.

आता शेजारी दुसरं गणित मांडा, जे जवळपास कुणीच मांडत नाही: पुस्तकाला किती महिने लागतील? समजा ८०,००० शब्दांची कादंबरी. रोज ५०० शब्द, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे आठवड्याला २,५००. पहिला खर्डा ३२ आठवड्यांत. ताप, पाहुणे आणि ‘हे प्रकरणच फेकून द्यावं’ असे दिवस धरले की ४० आठवडे, म्हणजे साधारण नऊ महिने. मग पुनर्लेखन, जे अनेकांना पहिल्या खर्ड्याइतकंच लांब पडतं. त्यानंतर प्रकाशकाच्या उत्तराची वाट. आता वरचे ९ महिने आठवा. बिनमिळकतीच्या मुदतीत तुमचा पहिला, कच्चा, कुणालाही न दाखवण्यासारखा खर्डा पुरा होतो, आणि त्याच दिवशी पैसे संपतात. कविता, कथा, नाटक लिहिणाऱ्यांनी आकडे आपापले घालावेत, पण दोन्ही गणितं एकाच कागदावर शेजारी-शेजारी मांडावीत.

लेखनातून येणारी मिळकत या कागदावर शून्य धरा. मानधन आलं तर आनंदच, पण ते आधीच खर्चाच्या रकान्यात बसवलं की प्रत्येक कथेकडून घरभाड्याची अपेक्षा सुरू होते, आणि कथेला ते कळतं.

कागद तयार झाला की तालीम. नोकरीत असतानाच तीन महिने त्या कमी केलेल्या रकमेत राहून बघा. उरलेला पगार आल्या दिवशीच बचतीत टाका. तालीम जमली तर वर तीन महिन्यांची शिल्लकही पडते. नाही जमली तर सरासरी कुठे खोटी निघाली ते कळतं, आणि तेही पगार चालू असताना.

दोन बारक्या गोष्टी. आरोग्याच्या तपासण्या, दात, चष्मा ही कामं विमा चालू असतानाच उरकून घ्या. आणि घर भाड्याने बदलायचं असेल किंवा बँकेत काही कामं असतील, तर तीही आधीच. पगाराची पावती दाखवता येत नाही म्हटल्यावर लोकांचा आवाज बदलतो.

चौथी पायरी: अधलेमधले रस्ते

पूर्णवेळ नोकरी आणि राजीनामा यांच्यामध्ये बरीच मोकळी जागा आहे. आठवड्यातले चार दिवस, रोज सहा तास, बिनपगारी दीर्घ रजा, वर्षातले काही महिने कंत्राटी काम, किंवा पगार कमी पण डोकं रिकामं ठेवणारी दुसरी नोकरी.

प्रागमधला लेखक फ्रान्झ काफ्का, त्याचं उदाहरण नेहमी उलटं सांगितलं जातं: बिचारा, नोकरीने पिचला. नोकरीबद्दल तो कुरकुरायचा हे खरं आहे. पण १९०८ मध्ये त्याने काय केलं ते बघा. आधीच्या विमा कंपनीत दिवस सकाळी आठ ते संध्याकाळी सहा असा होता. ती सोडून त्याने प्रागमधल्या कामगार अपघात विमा संस्थेत नोकरी धरली, जिथे काम दुपारी दोनला संपायचं. नोकरी टाकली नाही, तिचे तास बदलून घेतले. क्षयामुळे १९२२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तो तिथेच होता.

कवी टी. एस. एलियट १९१७ पासून लंडनमध्ये बँकेत होता. त्याला बँकेतून सोडवावं म्हणून त्याचा कवीमित्र एझ्रा पाउंड याने १९२२ मध्ये वर्गणीदार गोळा करायची योजना काढली. एलियटला त्याचा संकोचच वाटला आणि योजना बारगळली. १९२५ मध्ये त्याने बँक सोडली ती एका प्रकाशनसंस्थेतल्या नोकरीसाठी. कवी वॉलेस स्टीव्हन्स तर विमा कंपनीचा उपाध्यक्ष होता आणि १९५५ मध्ये मरेपर्यंत त्याने ती नोकरी सोडली नाही. ही मंडळी भित्री होती असं म्हणायची माझी तयारी नाही.

कमी तासांची मागणी करायची असेल तर तयारीने जा. ‘मला लिहायला वेळ हवाय’ हे वरिष्ठाच्या दृष्टीने कारण नसतं, आणि असायची गरजही नाही. कुठली कामं माझ्याकडे राहतील, कुठली कुणाकडे जातील, तातडीचं काही आलं तर काय, आणि ही व्यवस्था सहा महिने करून बघू, असा एका पानाचा कागद द्या. इथला सापळा म्हणजे चार दिवसांच्या पगारात पाच दिवसांचं काम. तो टाळायचा असेल तर कमी होणारी कामं नावानिशी लिहून घ्या. माझ्या एका मैत्रिणीने ते केलं नाही. तिचा पाचवा दिवस चार संध्याकाळींमध्ये वाटला गेला, आणि पगार तेवढा कमी झाला.

अर्धवेळ काम निवडताना ते शब्दांचं काम नसावं, असं माझं मत आहे. याला अपवाद असतीलच. मॉरिसन संपादकच होत्या. पण दिवसभर जाहिरातींचा मजकूर किंवा इतरांच्या अहवालांची भाषा दुरुस्त करून आल्यावर संध्याकाळी स्वतःचं वाक्य ऐकू येत नाही. हिशेब ठेवणं, शिकवण्या, दुकानात उभं राहणं, बागकाम यांनी शरीर दमतं, पण भाषा शाबूत राहते.

पाचवी पायरी: घरातल्यांशी करार

‘करार’ हा शब्द कोरडा वाटेल, पण सदिच्छेवर सोडलेल्या गोष्टी तिसऱ्या आठवड्यात विरघळतात. तीन गोष्टी बसून ठरवा आणि लिहून ठेवा. पैसे कुठून, किती आणि कधीपर्यंत. लिहायचे तास कोणते, आणि त्या वेळात दार वाजवण्याजोगं कारण कोणतं. आणि फेरविचाराची तारीख.

सर्वांत धोक्याचं वाक्य ‘तू घरीच असतेस ना’. हे पुरुषांना कमी आणि बायकांना जास्त ऐकावं लागतं, हे मी सौम्यपणे सांगतेय. गॅस दुरुस्त करणारा, कुरिअर, सासऱ्यांची डॉक्टरांची वेळ, शेजारणीची किल्ली, यातलं एकही काम मोठं नसतं. पण सकाळी साडेदहाचं एक छोटं काम आख्खी सकाळ खातं, कारण नऊपासूनच डोकं घड्याळाकडे असतं. नोकरीत असताना घरकामाची जी वाटणी होती तीच चालू राहील, हे वाक्य करारात पहिल्या ओळीवर असू द्या. बाहेरची कामं दुपारनंतर, हे दुसऱ्या ओळीवर.

जोडीदाराला भीती वाटत असेल तर ती विरोध समजू नका. तिसऱ्या पायरीचा कागद पुढ्यात ठेवा. माझ्या घरी माझ्या स्वप्नाबद्दलच्या दोन वर्षांच्या बोलण्यापेक्षा त्या एका कागदाने जास्त काम केलं.

सहावी पायरी: राजीनामा

हे लवकर उरकू. नेमणुकीचा करार पुन्हा वाचा: नोटिशीची मुदत, शिल्लक रजा, आणि नोकरीच्या काळात तुम्ही निर्माण केलेल्या गोष्टींवर मालकी कुणाची याबद्दलचं कलम. ऑफिसच्या लॅपटॉपवर कथा-कविता लिहून ठेवल्या असतील तर नियमात बसेल तशा त्या आधीच स्वतःकडे घ्या, आणि इथून पुढे तिथे एक ओळही लिहू नका. पगाराच्या पावत्या, अनुभवाचं पत्र, कराचे कागद हातात आल्याशिवाय शेवटचा दिवस संपला असं समजू नका.

पत्र चार ओळींचं पुरे. मनातली मळमळ त्यात ओतू नका, तिच्यासाठी कादंबरी आहे. काम नीट सोपवून जा. परतायची वेळ आली तर याच लोकांना फोन करायचा आहे. आणि ‘पुढे काय?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला कादंबरीचं कथानक सांगत बसू नका. सांगून झालेली गोष्ट लिहायची भूक कमी होते, निदान माझी तरी झाली.

सातवी पायरी: पहिले तीन महिने

आता माझ्या कपड्यांच्या घड्यांकडे येऊ.

ऑस्ट्रियात मारिएनताल नावाचं गाव होतं. तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मारी याहोडा ही समाजमानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथल्या लोकांचा बारकाईने अभ्यास केला. लोकांकडे आता वेळच वेळ होता. तरीही गावच्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली. माणसं रस्त्याने चालायचीसुद्धा हळू. पुढे याहोडाने मांडलं की पगाराखेरीज नोकरी पाच गोष्टी नकळत देते: दिवसाला रचना, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, अनेकांनी मिळून करायच्या कामात वाटा, समाजात ओळख, आणि नेमाने काहीतरी करत राहणं. त्या लोकांची नोकरी हिरावली गेली होती आणि सोबत गरिबी आली होती, आपण ती राजीखुशीने सोडतोय. हा फरक मोठा आहे. पण त्या पाच गोष्टी आपल्याही आयुष्यातून त्याच दिवशी जातात.

मी यादी करून एकेकीला पर्याय शोधला, तेव्हा कुठे लिहिणं सुरू झालं. तुम्ही हे आधीच करा.

रचनेसाठी: पहिले दोन ते चार आठवडे निखळ विश्रांती, आणि तिची शेवटची तारीख कॅलेंडरवर. तारीख नसलेली विश्रांती हळूहळू अपराधीपणात बदलते. त्यानंतर रोज ठरावीक वेळेला टेबल. पहिल्याच दिवशी महाकादंबरी काढू नका. एखादी अर्धवट राहिलेली कथा, एखादा छोटा लेख, काहीतरी महिन्याभरात पूर्ण होईल असं घ्या.

माणसांसाठी: आठवड्यातून निदान दोनदा घराबाहेर, लेखनाशी संबंध नसलेल्या कुणाला तरी भेटणं. मिळून करायच्या कामासाठी: तीन-चार लिहिणाऱ्यांचा गट, दर पंधरवड्याला एकमेकांची पानं वाचायची. गटात एक तरी माणूस असा हवा जो ‘छान आहे’ म्हणून सोडून देत नाही.

ओळखीला मात्र पर्याय मिळायला वेळ लागतो. ‘सध्या काय करता?’ या प्रश्नावर मी कितीतरी महिने जुन्या पदाचं नाव सांगत राहिले. ‘लिहिते’ हा शब्द आरशापुढे म्हणून पाहिला होता, हसू नका.

आठवी पायरी: दिवस कसा लावायचा

आठ तास मोकळे आहेत म्हणून आठ तास लिहायचं ठरवू नका. ट्रोलपच्या मते लेखकाला दिवसाला तीन तास पुरेत, आणि माझा अनुभवही तोच आहे. चौथ्या तासात मी जे लिहिते ते दुसऱ्या दिवशी खोडते. सकाळी तीन तास लेखन, दुपारी वाचन, पत्रव्यवहार, अर्धवेळ काम, संध्याकाळी शरीर. तुम्ही रात्रीचे असाल तर उलटं लावा, पण दररोज तेच लावा.

पहिला खर्डा चालू असताना शब्द मोजा, पुनर्लेखन चालू असताना तास मोजा. पुनर्लेखनात चांगल्या दिवशी शब्दसंख्या घटते, आणि शब्द मोजणारा माणूस त्या दिवशी उदास होतो. उठताना पुढचं वाक्य काय आहे हे माहीत असताना उठा. उद्याचा सगळ्यात जड क्षण त्याने हलका होतो. आणि फाइलची प्रत रोज दुसरीकडे ठेवा. यावर मी काही बोलणार नाही, अजून दुखतं.

शरीराबद्दल. जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी टोकियोत जॅझ बार चालवायचा. बार चालू असतानाच त्याच्या पहिल्या कादंबऱ्या लिहून झाल्या. १९८१ मध्ये बार विकून तो पूर्णवेळ लिहायला बसला, आणि बसण्यानेच वजन वाढायला लागलं. त्यात दिवसाला साठ सिगारेटींपर्यंतची सवय. १९८२ मध्ये तो पळायला लागला. तुम्ही मॅरेथॉन पळायची गरज नाही. पण ऑफिसला जाण्या-येण्यात, जिने चढण्यात, मीटिंगच्या खोल्या बदलण्यात जी हालचाल होत होती ती आता शून्यावर येणार आहे. रोज अर्धा-पाऊण तास चालायचं, दर पाऊण तासाने उठायचं, आणि खुर्चीवर केलेला खर्च हा चैनीत धरायचा नाही.

मनाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. ‘लिहिलं की मोकळं वाटतं’ असं आपण म्हणतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी सहकाऱ्यासोबत १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशकारक घटनेबद्दल लिहायला सांगितलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. पण लिहून झाल्याझाल्या त्यांना बरं वाटलं नव्हतं, जास्त वाईट वाटलं होतं. स्वतःच्या जखमांवर लिहीत असाल तर हे ध्यानात ठेवा: दुपारी जड वाटणं हा लेखन चुकल्याचा पुरावा नाही, आणि असं लेखन झोपायच्या आधी करू नये. जडपणा आठवडेच्या आठवडे उतरला नाही तर मात्र वही बाजूला ठेवून एखाद्या तज्ज्ञाशी बोला.

नववी पायरी: परतीची खूण

दर तीन महिन्यांनी अर्धा दिवस काढा आणि कागद पुन्हा उघडा. किती पैसे उरलेत, किती पानं झालीत, झोप कशी आहे, घरातलं वातावरण कसं आहे. चारही प्रश्नांची उत्तरं आकड्यात किंवा एका वाक्यात लिहा.

आणि एक आकडा आजच ठरवा: बाजूला काढलेली आपत्कालीन रक्कम सोडून किती महिन्यांचे पैसे उरले की काम शोधायला लागायचं. काम शोधायलाच काही महिने जातात, म्हणून हा आकडा शून्य असून चालत नाही. मी तो पाच ठेवला होता. ज्या महिन्यात तो आला त्या महिन्यात माझं पुनर्लेखन अर्धं झालं होतं, आणि ‘अजून थोडं थांबू’ असं म्हणायची फार इच्छा झाली. आकडा आधीच लिहिलेला होता म्हणून वाद घालायला जागा उरली नाही. दोन जुन्या सहकाऱ्यांना फोन केले, आणि तीन महिन्यांनी आठवड्यातले तीन दिवस हिशेब तपासण्याचं काम मिळालं. इंग्रज कवी फिलिप लार्किन १९५५ पासून १९८५ मध्ये मरेपर्यंत हल विद्यापीठात ग्रंथपाल होता, हे मला त्या आठवड्यात कुणीतरी सांगितलं आणि जरा धीर आला.

सोमवार, मंगळवार, बुधवार ऑफिस. गुरुवारी सकाळी टेबल. कपाट अस्ताव्यस्त आहे, ते तसंच राहील.